भावजी, त्या सुताला करडईचं तेल होतं

या भावजी, इकडं या. दारात उभं राहून जोडे शोधल्यासारखं करू नका. जोडे तुमचे मी आत ठेवलेत. बसा इथं, माझ्यासमोर, पाटावर. आज मला तुमाला रागवायचंय, अन् लांबून रागवता येत न्हाई. मोठ्यानं बोललं की मला खोकला लागतो.

हे काय वागणं झालं तुमचं? माणूस दोन दिवस गावाला निघाला तरी शेजारच्या दाराला सांगून जातो. तुमी सेनगावला एक कानस आणायला जायचे, तरी रस्त्यातून आवाज द्यायचे, वैनी, काही आणायचं का. अन् एवढ्या लांब निघाले तर अवाक्षर न्हाई. सकाळी चहा पिला, कप पालथा घातला, भिंतीला टेकले. कौसा म्हणली, डोळा लागला वाटतं. मी म्हणलं, लागू दे. आमी दोघी तिथंच शेंगा फोडत बसलो. अर्धं सूप झालं, तवा कौसाचा हात थांबला. असं कोणी जात असतं का? आमी शेतातल्या माकडांबद्दल बोलत होतो, भावजी, अन् तुमी आमच्यासमोरून निघूनबी गेलेले.

कौसा म्हणजे तुमची बायको, माझी धाकटी जाऊ. तुमाला सांगायची गरज न्हाई, पण हे कागदावर लिहून राहिले, उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं.

तेरवी झाली. पाहुणे गेले, उसनी भांडी ज्याची त्याला गेली. आता घरात एवढं शांत हाय की मडक्यातलं पाणी पाझरलेलं ऐकू येतं. मला एक गोष्ट सांगायचीय तुमाला. दोन वर्सं झाली, रोज सांगायची होती. रोज राहिली. आता राहायला जागा उरली न्हाई म्हणून बसले लिहायला. पण मला ओळीनं सांगितल्याशिवाय जमत न्हाई, तुमाला ठाऊक हाय. मधी बोलू नका.

मी या घरात आले तवा मी अठराची अन् तुमी सोळाचे. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, दिराला नावानं हाक मारायची न्हाई, भावजी म्हणायचं अन् तुमी म्हणायचं. तुमाला मिसरूड फुटलेलं न्हवतं. मी ताट वाढून म्हणायची, भावजी, जेवून घ्या, अन् तुमी कानापर्यंत लाल होऊन मेंढरांमागं पळायचे. सासरे म्हणायचे, सूनबाईनं याला पाटलासारखं बोलवलं की हे उपाशी राहतंय.

मेंढरांत तुमचं मन न्हवतं. तुमचे दादा, म्हणजे माझे मालक, वावर पाहायचे, सासरे कळप राखायचे, अन् तुमी कोणाच्या तरी विहिरीवर इंजनापाशी बसलेले. कळमनुरीपर्यंत लोक तुमाला बोलवायचे. तुमी इंजनाला नुसता कान लावून सांगायचे, याचा वॉल जळालाय, याला हवा लागून राहिली. मंग वीज आली, विहिरीत मोटारी उतरल्या, अन् एकेक इंजन भंगारात गेलं. एकदा जेवताना म्हणले, वैनी, आता सकाळी आवाज न्हाई गावात.

त्यानंतर तुमी ते लहान इंजन करायला घेतलं. पहिलं इंजन माझ्या तळहाताएवढं. सायकलच्या पंपाची नळी, छत्रीची काडी, अन् कुठल्यातरी दुकानातलं जुनं पितळी माप मधी भोक पाडून चाक म्हणून लावलेलं. वाफबीफ काही न्हाई. नळी तोंडात धरून फुंकायचं की चाक फिरायचं. सारी वस्ती फुंकायला आली. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, याच्यानं पाणी किती निघंल रे? तुमी म्हणले, एक चिमणी रोज आंघोळ करंल, काका.

तुमच्याजवळ होतं काय? एक हॅक्सा, तीन कानशी, एक हातानं फिरवायचं गिरमिट, खाटेच्या पायाला बांधलेला, चीज घट्ट धरायचा शिकंजा. सळई गोल करायची म्हणजे खराद मशीन पाहिजे, अन् ती हिंगोलीला. तवा तुमी सळई गिरमिटाच्या तोंडात अडकवली, गिरमिट शिकंज्यात आडवं बसवलं, अन् मला बोलवलं. वैनी, हे फिरवा. मी दांडी फिरवायची, सळई गरगर फिरायची, तुमी वरून कानस धरायचे. कौसाला जमलं न्हाई, तिचा हात घाईचा. तुमी म्हणले, वैनींचा हात जात्यावर बसलाय, एका चालीनं फिरतो. मी म्हणलं, जात्यातून पीठ तरी निघतं. तुमी खालची पितळेची भुकटी बोटावर घेऊन दाखवली. हे काय हाय मंग?

अशा किती दुपारी गेल्या आपल्या. मालक गेले त्या सालीबी तुमी मला बोलवलं. महिना झाला न्हवता. बाया येऊन रडून जायच्या, माझ्या तोंडात घास जायचा न्हाई. तुमी दारात येऊन म्हणले, वैनी, थोडं फिरवून द्या, माझं अडलंय. तुमचं काही अडलेलं न्हवतं. ती सळई तुमी चार वेळा गोल केली, मला दिसत होतं. पण दांडी फिरवताना माझं डोकं रिकामं व्हायचं, अन् मागं कौसा भाकरी थापायची तिचा आवाज यायचा. त्या दुपारींनी मला उभं केलं, भावजी. हे मी तुमाला कधी बोलले न्हाई. हेबी राहिलंच.

त्याच साली मी माळ घातली. मालकांच्या नावानं घातली. घरात मटण शिजलं तर माझी चूल वेगळी, माझा तवा वेगळा. तुमी दोघांनी कधी तोंड वाकडं केलं न्हाई.

आता मोठ्या इंजनाकडं येते. येताना पाय जड होऊन राहिले.

ते तुमी तीन वर्सं करत होते. जुन्या स्टोव्हच्या पितळी टाकीचा बायलर, खाली स्पिरिटचा दिवा. यावेळी पंपाची नळी घ्यायची न्हाई म्हणले. विकतच्या भोकात काय मोठेपणा, भोक मी पाडणार. पितळेचा भरीव तुकडा आणला अन् त्यात हातानं भोक पाडायला बसले. आठ दिवस लागले. मंग लाकडाच्या काडीला दगडाची भुकटी लावून ते भोक आतून घासायला महिना. मी दांडी फिरवून फिरवून खांद्यातून गेले होते. तुमी भोकातून उजेडाकडं पाहायचे, एक डोळा मिटून, अन् मला म्हणायचे, पाहा वैनी, कुठं लाट दिसते का. मला काय कळणार लाट. मी म्हणायची, आरशावाणी हाय.

त्या नळीत दट्ट्या मागंपुढं जातो, त्यानं चाक फिरतं. दट्ट्याभवती एक खाच, त्या खाचेत सूत वळून गुंडाळायचं, म्हणजे वाफ बाजूनं निसटत न्हाई. त्याला तुमी पॅकिंग म्हणायचे. जिनिंगच्या बायलरवर काम केलेल्या एका म्हाताऱ्यानं तुमाला सांगितलं होतं, सूत चरबीत भिजवा. तेल वाफेनं धुऊन जातं, चरबी टिकते. तुमी माझ्याकडं आले. देवाच्या वाती वळणारी बोटं माझी, बारीक सूत मीच वळणार हे ठरलेलंच होतं. पण चरबी मेंढीची.

मी म्हणलं, मी हात लावणार न्हाई.

"वैनी, मेंढरावाल्याच्या घरात जन्म गेला, अन् चरबीला भिता?"

"तवा माळ न्हवती."

"इंजनाला काय कळतंय माळ?"

"मला कळतंय न, भावजी."

दोन दिवस आपलं हेच चाललं. तुमी म्हणायचे, खायची थोडीच हाय. मी म्हणायची, याच हातानं नैवेद्य करते. शेवटी तुमी म्हणले राहू द्या, मीच वळतो. तुमी वळलेलं सूत पाहिलं, तर वासराला बांधायच्या दाव्यासारखं. तुमची ती फुटलेली जाड बोटं, नखांत काळं. मला हसू आलं अन् दयाबी आली. मी म्हणलं, द्या इकडं, करते मी.

कौसानं वाटीत चरबी दिली. मी वाटी घेऊन मागच्या दारी गेले, काडीनं ढकलून ती उकिरड्यावर टाकली. कुत्र्यानं खाल्ली. घरात आले, बरणीतलं करडईचं तेल घेतलं, त्यात सूत भिजवलं, मांडीवर वळलं, खाचेत बसवलं. मला वाटलं तेल ते तेल. भाजीला चालतं, दिव्याला चालतं, तुमच्या खेळण्याला न चालायला काय झालं? व्हय, मनात मी खेळणंच म्हणलं होतं. आज सगळं सांगायचंच ठरवलंय तर तेबी सांगते.

तुमी विचारलं, चरबीचं केलं का वैनी?

मी म्हणलं, केलं.

दिवाळीत तुमी ते पेटवलं. पाणी तापलं, वाफ सुटली, तुमी चाकाला बोटानं धक्का दिला, अन् ते चाललं. टुकटुक टुकटुक, शिवणयंत्रासारखं. तुमी मांडी घालून समोर बसले. पाणी संपलं तरी उठले न्हाई. कौसा म्हणली, फराळ करायचा का आज इंजनालाच वाढायचं? तवा उठले. मला म्हणले, वैनी, पॅकिंग लई बेस बसलंय. मी मान डोलावली. मला वाटलं, चला, निभावलं. देवाचंबी राहिलं अन् दिराचंबी राहिलं.

मंग बायलर काळा झाला म्हणून मी चिंच लावून घासला, तुमी ते इंजन लुगड्याच्या धडप्यात बांधून डब्यात ठेवलं. हिंगोलीला एका शाळेत प्रदर्शन भरणार होतं, हातानं केलेल्या वस्तूंचं, कोणीबी न्यावं. चार महिने होते त्याला. मधी एकदा चालवून पाहा म्हणून कौसानं सांगितलं, तर तुमी म्हणले, घासलेला बायलर पुन्हा काळा कशाला करायचा, चालतंय ते.

आपण दोघं एसटीनं गेलो. डबा तुमच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं काय हाय, तुमी म्हणले इंजन, तो म्हणला मंग एसटीला लावा, हिचं बसून राहिलं. तुमी त्या दिवशी पांढरा सदरा घातला होता. टेबलावर इंजन मांडलं. लोक जमले. अन् पेटवायच्या अगोदर तुमी सगळ्यांना माझ्याकडं बोट करून सांगितलं, बाकी मी केलंय, पण पॅकिंग आमच्या वैनींनी केलंय, अर्धं इंजन त्यांचं हाय. मी पदर सावरला. मला त्या वेळी बरं वाटलं, भावजी. त्याची लाज मला आजबी जास्त वाटते.

पाणी तापलं. वाफ आली. तुमी चाकाला बोट लावलं. चाक हाललं न्हाई. तुमी पुन्हा लावलं. बायलर सुसू करायला लागला, जादा वाफ सोडायच्या वॉलमधून वाफ जायला लागली, चाक जागचं हालंना. तुमी अंगठ्यानं दाबलं. पकडीनं फिरवायला गेले तर चाकाची पिन वाकली. समोरचा एक माणूस म्हणला, चाचा, ये तो चलताच नई. वाईट मनानं न्हाई म्हणला, पण म्हणला. लोक पुढच्या टेबलाकडं सरकले.

मी दिवा विझवायला वाकले, अन् तवा मला वास आला. गरम वाफेसंगं त्या नळीतून खवट वास आला. तो वास कोणत्या बाईला कळणार न्हाई? तेलाच्या बरणीच्या तोंडाशी, झाकणाच्या फटीत, करडईचं तेल महिनोमहिने वाळून पिवळी चिकट साय धरतं, नखानं निघत न्हाई, त्याचा तो वास. मी दर सणाला सोड्यानं उकळून ते काढते. मला तिथंच कळलं. त्या नळीत काय झालंय ते तिथल्या तिथं, उभ्या जागी कळलं मला.

मी तोंडाला पदर लावला. तुमाला वाटलं मला रडू आलं. तुमी मलाच समजावलं. म्हणले, होतं असं वैनी, चला.

येताना एसटीत खिडकीकडं पाहत तुमी म्हणले, "डोळे गेले माझे. मला वाटलं भोक सरळ हाय. ते सरळ न्हवतं."

तुमी पॅकिंगचं नावबी काढलं न्हाई. माझ्या हाताचा तुमाला संशयच आला न्हाई. एकदा तरी विचारायचं होतं, वैनी, नक्की चरबीच होती न? मी सांगितलं असतं. मला वाटतं सांगितलं असतं. पण तुमी तुमच्याच हाताला दोष दिला, अन् मला वाट मोकळी झाली, अन् मी त्या वाटेनं गेले.

दुसऱ्या दिवशी तुमी सगळं सामान पेटीत भरलं. हॅक्सा, कानशी, गिरमिट. पेटी खाटेखाली सरकवली. कोणी पंप घेऊन आलं, कोणी गॅसची शेगडी घेऊन आलं, तर दारातूनच, न्हाई बाबा, आता हाताला नीट लागत न्हाई, दुसरीकडं दाखव. अन् दुपारी ओसरीवर बसून आपले हात पाहायचे. तळवे वर, मंग खाली. जसं कोणी दुसऱ्याचे हात तुमच्यापाशी ठेवून गेलंय. दोन वर्सं मी ते समोरून पाहिलं.

एकदा सांगायला लागले होते. तुमाला आठवत असंल तर आठवा. गेल्या पोळ्याच्या आधी, तुमाला चहा दिला अन् खालीच बसले. म्हणलं, भावजी, ते पॅकिंग. तुमी माझ्याकडं पाहिलं न्हाई. म्हणले, वैनी, जाऊ द्या आता ते, त्याचा विषय नको. मी उठले. तुमी नको म्हणले म्हणून उठले असं मी मनाला सांगितलं. खरं तर मला हायसं वाटलं होतं.

आता तेरवीच्या दुसऱ्या दिवसाचं सांगते. कौसानं ती पेटी ओढून अंगणात काढली. म्हणली, भंगारवाला आला की देऊन टाकते. या खोक्यानं माझं माणूस खाल्लं. मी म्हणलं, देऊ नको. ती म्हणली, काहून? चालत तर काहीच न्हाई त्यातलं. मी म्हणलं, चालत होतं कौसा. अन् सगळं सांगितलं. चरबीचं, कुत्र्याचं, तेलाचं, वासाचं.

ती तूर निवडत होती. हात थांबला न्हाई तिचा. खडे बाजूला काढत राहिली. मंग म्हणली, "आक्का, दोन वर्सं तुमी रोज त्यांना चहा दिला. कपासंगट एवढं एक वाक्य देता आलं न्हाई?"

अन् उठून आत गेली.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली न्हाई. भाकर करायची, माझ्या पुढ्यात ठेवायची, बोलायची न्हाई. ठीकच हाय. तिनं भाकर तरी कशाला द्यावी. त्या तीन दिवसांत मी इंजन घेऊन बसले. दोन पेच काढायचे अन् नळी सुटते, तेवढं मला येतं. दट्ट्या अजिबात निघंना. धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं, त्यात नळी सोडली, तेलाची बरणी साफ करते तशीच. पाणी पिवळं झालं. ओतलं, पुन्हा उकळलं. तिसऱ्या पाण्याला दट्ट्या सुटला. सूत त्याला डिंकासारखं चिकटलेलं, नखानं, सुईनं काढलं. सूत माझंच, वळण माझंच, मला ओळखू येत होतं.

मंग नळी धुऊन पुसून उजेडाकडं धरली, एक डोळा मिटून. लाट मला आजबी कळत न्हाई. म्हणून दुसरं केलं, तुमी करायचे ते. नळी उभी धरली, खालून अंगठ्यानं बंद केली, अन् नुसता दट्ट्या, सूत न गुंडाळता, एक थेंब तुमच्या मशीनच्या तेलाचा लावून वरून सोडला. भोक तिरपं असलं तर दट्ट्या अडकतो, ढिलं असलं तर पडतो. तो अडकला न्हाई, पडला न्हाई. हळू, लई हळू खाली उतरत गेला, जसं कोणी झोपलेलं लेकरू अंथरुणावर ठेवावं. मी अंगठा काढला तसा टपकन पडला. मी ते सात-आठ वेळा केलं. दर वेळी तसंच.

भोक सरळ हाय, भावजी. कुठंच तिरपं न्हाई.

चौथ्या दिवशी सकाळी मी ओसरी झाडत होते. कौसा तिच्या दारातून आली, अन् एक वाटी माझ्या उंबऱ्यावर ठेवली. वाटीत चरबी. कुणाच्या घरून आणली, कवा आणली, मला ठाऊक न्हाई. माझ्याकडं पाहून म्हणली, "आता वळा."

मी वाटी उचलली. माळ काढली न्हाई. काढून करणं म्हणजे पुन्हा लपवणंच झालं असतं. माळ गळ्यात ठेवून, बोटं चरबीत बुडवून सूत वळलं. हाताला तुपासारखं लागलं, वास मात्र कळपाचा. कौसा समोर बसून पाहत होती, माझ्या बोटांवरून नजर हालवली न्हाई तिनं. मालकांना मनात म्हणलं, तुमच्या नावाची माळ हाय, तुमच्याच भावाचं काम हाय, तुमी दोघं पाहून घ्या. नंतर हात राखेनं धुतले, तीनदा. वास अजून जात न्हाई. आता मी त्याच हातानं देवाला फुलं वाहते. तो काही बोलला न्हाई अजून.

वाकलेल्या पिनेच्या जागी दुसरी सापडली. लहान चीज मातीत हरवते म्हणून तुमी प्रत्येक एकाला दोन करून ठेवायचे, ती कागदाच्या पुडीत होती. स्पिरिट संपलेलं, ते कौसानं सेनगावहून मागवलं. दुपारी ओसरीवर मांडलं. आमी दोघीच. पाणी मी घातलं, दिवा तिनं पेटवला. लई वेळ काहीच झालं न्हाई. कौसा म्हणली, दोन वर्सं थांबलंय, घाईत न्हाई ते. तीन दिवसांनी तिच्या तोंडून सरळ वाक्य ऐकलं मी. मंग वाफ सुटली. मी चाकाला बोटानं धक्का दिला. आधी थुंकलं, गरम पाणी उडालं. पुन्हा धक्का दिला.

चाललं.

तसंच, टुकटुक टुकटुक. कौसा एकदम उठली, मागच्या दारी गेली, अन् पाठमोरी बसली. मी एकलीच पाहत राहिले. माझ्या मनात होतं, चाललं तर छातीवरचा दगड उतरंल. उतरला न्हाई, भावजी. उलट आता तो पक्का बसला. न चालतं तर मला एवढं तरी म्हणता आलं असतं, की कोणाला ठाऊक, भोकातच काही असंल, तेलाचं निमित्त झालं. तेवढ्या एका आडोशाला मी दोन वर्सं बसले होते. चाक फिरलं अन् तो आडोसा गेला. तुमचा हात बरोबर होता. डोळे बरोबर होते. चूक होती ती माझ्या एका शब्दात, अन् तो शब्द मी परत घेतला न्हाई, म्हणून तुमी शेवटची दोन वर्सं आपल्याच हाताला परकं समजून काढली.

माफी मागत न्हाई मी. तुमी लगेच देऊन टाकाल, मला तुमचा सोभाव ठाऊक हाय. म्हणाल, जाऊ द्या वैनी. जाऊ द्यायचं न्हाई हे. तुमी चिडा. एवढ्या वर्सांत तुमी माझ्यावर कधी चिडले न्हाई, वाढलेलं ताट कधी सरकवलं न्हाई. एकदा सरकवा. मला अगं-तुगं करून बोला.

पेटी भंगारात गेली न्हाई. ती तुमच्या खाटेखालीच हाय. इंजन मी पुसून उघडंच ठेवलंय, डब्यात घातलं न्हाई. कौसा रोज दुपारी त्याचं चाक एकदा हातानं फिरवून जाते. काहून ते मी विचारत न्हाई.

तुमी एकदा या. स्वप्नात या, जागेपणी या, जसं जमंल तसं या. दुपारची येळ बरी, मी ओसरीवरच असते. येऊन त्या नळीत बोट घाला, तुमच्या बोटानं पाहा कुठं तिरपं हाय का. माझ्या सांगण्यावर भरोसा ठेवू नका. कौसाला म्हणलं मी, भावजींना बोलावणं लिहून राहिले. ती म्हणली, त्यांना म्हणावं अगोदर माझ्याकडं या, मला त्यांच्याशी लई बोलायचंय, आक्काचं नंतर.

तर तसंच करा. अगोदर तिच्याकडं जा. बसा तिच्यापाशी, तिचं सगळं ऐका, हातबीत दाखवा तिला. मंग माझ्याकडं या. मी थांबते. पण लवकर या.